मशीनशिवाय ब्रेड, तोही जळगावच्या उन्हात
वर कुणीतरी विचारलंय, मळायचं मशीन नसेल तर घरचा ब्रेड फुगतो का. फुगतो की! खापरावरचे मांडे हातावर करणाऱ्या आमच्याकडच्या बायकांना कणकेला तार कशी आणायची हे वेगळं शिकवावं लागत नाही.

माझं माप: अर्धा किलो मैदा, सव्वातीनशे मिली पाणी, १० ग्रॅम मीठ, ५ ग्रॅम कोरडं यीस्ट. दूध, बटर काही नको, तिथेच पैसे वाचतात. दहा-बारा मिनिटं तळहाताने रेटून मळायचं. सुरुवातीला गोळा बोटांना चिकटतो आणि वरून पीठ भुरभुरायचा मोह होतो, तो टाळा. तुकडा ताणल्यावर आरपार उजेड दिसला की झालं.

खरी गोची मे महिन्यात. पारा ४४वर, फुगायला ठेवलेलं पीठ पाऊण तासात डब्याबाहेर! माझा पहिला ब्रेड असाच आंबट होऊन मध्ये खचला. आता उन्हाळ्यात माठातलं पाणी घेते, यीस्ट २ ग्रॅमच.

ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) २२० अंशांवर आधी नीट तापवा, मग ३५ मिनिटं भाजा. बुडाला टिचकी मारल्यावर पोकळ आवाज यायला हवा. गरम असताना कापू नका, आतून चिकट लागतो. (आमच्याकडे कुणी ऐकत नाही, ठेच्यासोबत अर्धा तिथेच संपतो.)