मदत हवी आहे : बाडेन-बाडेनचं जुनं स्टेशन आतून बघता येईल का?

पुढच्या महिन्यात आईबाबांना घेऊन जर्मनीतल्या कार्ल्सरुहेहून एका दिवसासाठी जवळच्या बाडेन-बाडेनला जायचं आहे. बाबा निवृत्त स्टेशनमास्तर, त्यामुळे गरम पाण्याच्या झऱ्यांपेक्षा त्यांना ओढ जुन्या स्टेशनची. तिथे 1977 पासून गाडी जात नाही. 1998 पासून ती इमारत 2500 आसनांच्या फेस्टश्पीलहाउसचं (ऑपेरा आणि संगीत मैफिलींच्या सभागृहाचं) प्रवेशद्वार आहे आणि तिकीटविक्री तिथेच चालते. जुन्या स्टेशनात अजून तिकिटं मिळतात, हे ऐकूनच बाबा खूश झाले!

आताचं स्टेशन ओस भागात, गावापासून चारपाच किलोमीटरवर आहे. तिथून बसने जाणार आहोत, तो प्रश्न नाही. त्या दिवशी संध्याकाळच्या कार्यक्रमाला थांबणं शक्य नाही. मार्गदर्शकासोबतच्या फेरीची चौकशी केली, पण आम्हाला जमेल त्या दिवशी ती जर्मनमध्येच आहे, आणि आईचे गुडघे दुखतात, तिला तासभर उभं राहणं जमणार नाही. ईमेल केला आहे, उत्तराची वाट बघतोय.

बाबांना फक्त तो जुना हॉल, छत आणि खिडक्या शांतपणे बघायच्या आहेत. कोणी अलीकडे गेलं असेल तर सांगा: कार्यक्रमाचं तिकीट नसताना दुपारी आत सोडतात का, आणि पायऱ्या टाळून जाता येतं का?