आंबट पेयाच्या पिंपाला नळ-नळी कुठली? तुमचे अनुभव सांगा

टिळकवाडी, बेळगाव: घरी कोंबुचा (चहा आंबवून केलेलं पेय) करते. २० लिटरच्या स्टीलच्या पिंपाला चकचकीत नळ बसवला होता. ३ महिन्यांनी धुवायला काढला तर तोंडाच्या आत मुलामा सुटून पिवळं पितळ दिसायला लागलेलं. लेथवर नीट कापलं जावं म्हणून पितळात बऱ्याचदा २-३ टक्के शिसं असतं. कोंबुचाचा पीएच ३ च्या आसपास, एवढ्या आंबटात ते उतरतं आणि चवीला कळतही नाही. घरात लहान मुलगी आहे, अख्खं पिंप ओतून दिलं. शिरका, कोकमाचं आगळ, बिअर, काहीही करणाऱ्यांनी काय वापरता ते लिहा. चुकलेलंही लिहा.

चिकोडी: उसाच्या रसाचा शिरका करतो. पाण्याच्या लाईनीतून उरलेलं जीआय निपल (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाईपचा आखूड तुकडा) लावलं. पंधरवड्यात आतली जस्ताची झाक गेली, शिरका तुरट लागायला लागला. जीआय पाण्यालाच ठेवा.

उद्यमबाग (टर्नर आहे): दुकानात ३०४ ग्रेडचं स्टील मागताय, पण मिळतंय काय ते बघा. लोहचुंबक चिकटला नाही म्हणजे ३०४ असं लोक धरून चालतात. २०२ या हलक्या ग्रेडला पण चिकटत नाही. त्यात निकेल कमी, मँगनीज जास्त, आंबट-खारटात लवकर गंजतं. हँडल कसलंही असू दे, पेयाला लागणारी बॉडी आणि आतला फिरणारा बॉल ३०४ पाहिजे. बिलावर ग्रेड लिहून घ्या, दुकानदार नको म्हणाला तर तिथनं उठा. पिंपाला नळाचं सॉकेट वेल्ड करून घेताना आतल्या बाजूनं आरगॉन वायू सोडायला सांगा. नाहीतर आत काळा खरखरीत थर धरतोय आणि पहिला गंज तिथंच. माझ्या घरी वेल्डच नाही. भोक पाडून सिलिकॉन वॉशर आणि चेकनट.

खानापूर: आगळ आंबट, वर भरपूर मीठ. ३०४ च्या नळालासुद्धा सुईच्या टोकाएवढे खड्डे पडले. आता चिनी मातीची बरणी आणि लाकडी डाव, धातूचा संबंधच नाही.

निपाणी: गवंड्याची लेव्हल पाईप सायफनला घेऊ नका, गरम पाण्यानं मऊ पडते आणि पेयाला प्लॅस्टिकचा वास येतो. खाण्याच्या दर्जाची सिलिकॉन नळी महाग, पण उकळून घेता येते. ओतण्यापुरतीच वापरा, तिच्यातून हवा झिरपते.

हुक्केरी, सध्या बेंगळूर: मायक्रोब्रुअरीत फिटर आहे. बिअरच्या लाईनीला आम्ही आट्यांचा जोड शक्यतो ठेवत नाही. दोन कॉलर, मधे गॅसकेट, वरून क्लॅम्प, की सुटा करून धुता येतो. गावी मित्राच्या पिंपाचा बॉल व्हॉल्व्ह उघडला, बाहेरून लखलखीत. बॉल आणि बॉडीच्या मधल्या पोकळीत तपकिरी, बुळबुळीत लगदा, बोटाला लागेल एवढा. दर घाणा का बिघडत होता ते तिथं कळलं. नुसतं पाणी सोडून ती पोकळी धुतली जात नाही. थ्री-पीस व्हॉल्व्ह घ्या, बोल्ट काढले की मधला भाग हातात येतो. आणि ब्लीचचं पाणी स्टीलमध्ये रात्रभर ठेवू नका, खड्डे पाडतं.

टिळकवाडी: उद्यमबागचे अण्णा, अर्धा इंची नळाला भोक केवढं?

उद्यमबाग: आट्यांचा बाहेरचा व्यास २१ एमएमच्या जरा आत असतो, ताई. आधी बारीक भोक, मग स्टेप ड्रिलनं २१ पर्यंत. कड कानशीनं मारायची, नाहीतर वॉशर कापतोय. शनिवारी पिंप घेऊन या, पाडून देतो.