मदत हवी आहे: गेम बॉय ॲडव्हान्सवर जोडाक्षरांसह मराठी मजकूर कसा दाखवावा?

नमस्कार.

मी मालवणजवळच्या किनाऱ्यावर राहतो. माझी काकी ओहोटीला खडपात कालवं काढायला जाते आणि पाण्याची वेळ जुन्या हिशेबाने काढते: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीचा तास, म्हणून चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. हाच हिशेब दाखवणारा छोटा प्रोग्रॅम मी डेव्हकिटएआरएम (या यंत्रासाठी प्रोग्रॅम बनवण्याचा साधनसंच) वापरून सी भाषेत लिहिला आहे. त्यासाठी गेम बॉय ॲडव्हान्स हे २००१ सालचे, हातात धरून खेळायचे खेळयंत्र मुद्दाम निवडले, कारण त्याच्या मूळ मॉडेलच्या पडद्याला मागून प्रकाश नसतो, त्यामुळे भर उन्हात तो उलट अधिक स्पष्ट दिसतो, आणि दोन पेन्सिल सेलवर ते चालते.

गणित सोपे होते. तिथीला ४५ मिनिटांनी गुणले की झाले. अडले ते अक्षरांपाशी. काकीला फक्त मराठी वाचता येते, त्यामुळे रोमन लिपीचा पर्याय माझ्या दृष्टीने नाहीच.

पहिल्या प्रयत्नात मी अक्षरांचे ठिपके एकेक बाइट करून थेट व्हीरॅममध्ये (पडद्यावरचे चित्र साठवणाऱ्या स्मृतीत) लिहीत होतो. तिथे एक बाइट लिहिला की तोच शेजारच्या बाइटमध्येही उमटतो, हे मला ठाऊक नव्हते. ‘चतुर्थी’वरचा रफार जोडीने दिसू लागला तेव्हा ते कळले. आता संपूर्ण ओळ २५६ केबीच्या बाहेरच्या रॅममध्ये तयार करून व्हीब्लँकच्या वेळी (पडदा रेखून झाल्यावरच्या छोट्या विरामात) डीएमएने (स्मृतीतला मजकूर थेट हलवणाऱ्या यंत्रणेने) व्हीरॅममध्ये हलवतो. एमजीबीए इम्युलेटरवर (संगणकावर या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर) आणि खऱ्या यंत्रावर हे नीट चालते.

उरलेली अडचण अशी. वेलांटी आधी येणे, रफार मागे जाणे, ‘द्वितीया’तला द्व जुळणे ही कामे यंत्रावर करणे मला अव्यवहार्य वाटते, म्हणून संगणकावरच हार्फबझने (अक्षरे जोडून योग्य क्रमाने मांडणाऱ्या लायब्ररीने) ओळी जुळवून अक्षरचित्रांचे क्रमांक आणि रुंदी रॉममध्ये भरण्याचा विचार आहे. मात्र २४० × १६० ठिपक्यांच्या पडद्यावर १६ ठिपके उंचीच्या दहाच ओळी मावतात, आणि मुक्त परवान्याचा ‘मुक्त’ (Mukta) नावाचा टंक तेवढा लहान केला की अनुस्वार मात्रेला चिकटतो व उकार पुसट होतो. जीएनयू युनिफॉन्ट या ठिपक्यांच्या (बिटमॅप) टंकात सुटी अक्षरे या मापाची आहेत, पण जोडाक्षरे नाहीत.

१६ ठिपके उंचीचा, हाताने रेखलेला, जोडाक्षरांसहित देवनागरी बिटमॅप टंक मुक्त परवान्याखाली कोणाकडे आहे का? नसल्यास तो मीच रेखीन. परंतु शिरोरेषा वरून कितव्या ओळीवर ठेवल्यास वरची मात्रा आणि खालचा उकार दोन्ही सुवाच्य राहतात, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे. तयार झालेला टंक आणि प्रोग्रॅम दोन्ही मी स्रोतासह खुले करणार आहे.