बॉस रोज "उद्यापासून येऊ नको" म्हणतोय, आता राजीनामा लिहून मागतोय. काय करू?

क्वालिटीवाला_कोल्हापूर
नमस्कार मंडळी. गोकुळ शिरगाव एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे, परमनंट, साडेचार वर्षं होत आली. नवीन प्लांट मॅनेजर आल्यापासून जीव नकोसा झालाय. महिनाअखेर आली की डिस्पॅच गाठायचा म्हणून ब्लोहोल (हवेची पोकळी) असलेलं कास्टिंग पण ओके कर म्हणतात, आणि मी लाल टॅग लावून माल अडवला की सगळ्या पोरांसमोर ओरडणार, तुझ्यासारखे छप्पन बाहेर उभे आहेत, उद्यापासून येऊ नको. परवा तर केबिनमध्ये बोलावून कोरा कागदच पुढं केला. वैयक्तिक कारणानं राजीनामा देतो असं लिही, अनुभवाचं पत्र चांगलं देतो, नाहीतर टर्मिनेट करीन आणि शिरोलीपासून कागलपर्यंत कुठं लागू देणार नाही. विचार करून सांगतो म्हणून उठून आलो. घरात अजून कुणाला बोललो नाही, घराचा हप्ता चालू आहे, रात्री झोप लागत नाही. खरंच असं काढू शकतात का? का मीच गप सोडून जाऊ?

फाउंड्रीतला_माणूस
भावा, तो कागद तेवढा लिहू नको. सरळ काढता येत असतं तर काढलंच असतं की, राजीनामा मागतोय म्हणजे तुझ्याविरुद्ध हातात काही नाही त्याच्या.

आता कामाचं बोलतो कारण खरी ग्यानबाची मेख तिथंच आहे. रिपोर्टमध्ये जे दिसतंय तेच लिही, हीट नंबर (कुठल्या ओतकामातला माल ते), किती नग, ब्लोहोल कुठल्या फेसला, सगळं. पाठवच म्हणाला तर आवाज न चढवता सांग, सर डेव्हिएशन नोटवर, म्हणजे दोष असूनही माल पाठवायच्या परवानगीवर, सही करा, मी लगेच टॅग काढतो. बहुतेक वेळा तिथंच विषय थांबतो, कारण तोंडानं ओके म्हणणं सोपं, सही करायला कुणी तयार नसतं. आणि तू दबावाखाली ओके मारलंस तर उद्या कस्टमरच्या लाईनवर पीस लीक झाला की कंप्लेंट येणार, एट-डी रिपोर्ट (चूक का झाली आणि काय सुधारलं त्याचा अहवाल) मागणार, आणि इन्स्पेक्शनला सही कुणाची तर तुझी. मग तुला काढायला जे कारण आज सापडत नाही ते तूच आयतं दिल्यासारखं होतंय बघ.

एचआरवाली_ताई
मी कागल पंचतारांकित एमआयडीसीत एचआरला आहे. दादा, काढू शकतात का, तर काढू शकतात, पण असं तोंडी नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झालीय, तरी मूळ नियम जुन्या कायद्यासारखाच आहे. वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला कपात म्हणून कमी करायचं तर एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षाला १५ दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई. गैरवर्तन म्हणून काढायचं तर चार्जशीट (लेखी आरोपपत्र), तुमचा खुलासा, चौकशी हे सगळं आलं. पदाचं नाव इंजिनिअर आहे म्हणून कामगार नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, प्रत्यक्ष काम काय करता ते बघतात. गेज घेऊन तपासणी करता ना, ते तांत्रिक काम आहे. हां, मॅनेजरचं काम असेल किंवा सुपरवायझरचं असून पगार १८ हजारांच्या वर असेल तर मात्र कामगाराच्या व्याख्येतून बाहेर पडता.

आणि कृपा करून रागानं घरी बसू नका. "येऊ नको" हे तोंडी आहे, तुम्ही गेला नाहीत की रेकॉर्डवर न सांगता गैरहजर एवढंच उरतं. रोज जा, पंच करा. गेटवर अडवलं तर त्याच दिवशी एचआरला आणि मालकांना मेल करा आणि तेच पत्र स्पीड पोस्टनं पण पाठवा. कागद मागितल्याचा मेल तर आजच जाऊ दे, साधा: "अमुक तारखेला मला केबिनमध्ये बोलावून राजीनामा लिहिण्यास सांगितले. माझी राजीनामा देण्याची इच्छा नाही. मी नेहमीप्रमाणे कामावर हजर आहे." बस, एवढंच. शिव्या नको, कहाणी नको. कंपनीची ड्रॉइंग किंवा रिपोर्टचे फोटो पुरावा म्हणून मित्रांना व्हॉट्सअपला टाकू नका, त्यावरूनच चार्जशीट लागते.

राजारामपुरीकर
ताईंचं सगळं बरोबर आहे पण मी थोडं वेगळं सांगतो. अशा माणसाच्या हाताखाली आयुष्य काढायचं नाही, दुसरीकडं बघायला आतापासून सुरुवात कर. कुठं लागू देणार नाही ह्या धमकीला तर अजिबात भिऊ नको, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, उद्यमनगर धरून एवढ्या फाउंड्र्या आणि मशीन शॉप आहेत, प्रामाणिक क्वालिटीचा माणूस सगळ्यांनाच पाहिजे असतो. फक्त पाच वर्षं भरू देत. परमनंटला ग्रॅच्युइटी पाच वर्षांनी बसते, बेसिक आणि डीए गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं. १६ हजार धरले तरी ४६ हजारांच्या वर जातात. सहा महिन्यांसाठी ते सोडायचे नाहीत. आणि उमंग ॲपवर पीएफचं पासबुक काढून बघ, दर महिन्याला भरणा पडतोय का ते.

आणि घरात सांग रे. बायकोला तरी सांग आजच.

क्वालिटीवाला_कोल्हापूर
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बायकोला सांगितलं, ती म्हणाली हप्त्याचं बघू आपण, खोट्यावर सही करू नका. सकाळी ताईंनी सांगितला तसा मेल टाकला. दुपारी एक लॉट अडला, डेव्हिएशन नोट पुढं ठेवली तर साहेब काही न बोलता निघून गेले, लॉट अजून तिथंच आहे. एक विचारायचं होतं, मेलला उत्तरच नाही आलं आणि त्रास चालूच राहिला तर कामगार आयुक्त कार्यालयात आधीच जायचं का काढल्यावर?

एचआरवाली_ताई
माहिती विचारायला आधी जायला काहीच हरकत नाही, तिथं वकील लागत नाही. नेमणूक पत्र, पगाराच्या स्लिपा आणि आजच्या मेलची प्रिंट घेऊन जा. खरंच काढलं तर मात्र लगेच अर्ज द्या, समेट अधिकारी दोन्ही बाजूंना बोलावतात, आणि हिशेबाचा पगार दोन कामाच्या दिवसांत मिळायला पाहिजे तेही अर्जात लिहा. अडलेल्या लॉटची नोंद रजिस्टरला आजच्या तारखेनं केलीत ना?