मोझांबिकच्या झेंड्यावर बंदूक कशाला?

तुरीचा_मुनीम (लातूर)
राम राम मंडळी. मी लातूरला एका डाळमिलमधी मुनीम आहे. आपल्याकडची नवी तूर यायच्या आधी, दिवाळीच्या आगंमागं, मिल बऱ्यापैकी मोझांबिकच्या तुरीवर चालती. गजरी तूर म्हणतात ती. पोत्यावर देशाचं नाव छापलेलं असतंय, त्याच्यापलीकडं मला काई माहीत नव्हतं.

परवा गाडी उतरताना एका पोरानं मोबाईलवर त्या देशाचा झेंडा काढला. हिरवा, काळा, पिवळा पट्टा, मधी पांढऱ्या बारीक रेघा, दांडीकडनं लाल तिकोन. तिकोनात पिवळी चांदणी, तिच्यावर उघडं पुस्तक, अन् त्याच्यावर फुली मारल्यासारखी एक कुदळ अन् एक बंदूक! बंदूक बी साधी न्हाई, एके-४७, संगीन लावलेली. हमाल म्हणायलेत, "मुनीमजी, हे काय अतिरेक्यांचं गाव हाय का?" इतकी वर्षं त्यांचा माल मोजायलोय, पण उत्तर देता आलं न्हाई. कुणाला माहीत असंल तर सांगा.

मास्तर_रिटायर (अंबाजोगाई)
मुनीमजी, हमालांना सांगा, ते पोर्तुगीजांशी लढून सुटलेले लोक आहेत. गोवा १९६१ ला सुटला, मोझांबिकला २५ जून १९७५ उजाडावा लागला. फ्रेलिमो ही त्यांची संघटना १९६२ ला दार-ए-सलामला, म्हणजे शेजारच्या देशात, स्थापन झाली आणि सप्टेंबर १९६४ पासून दहा वर्षं बंदुकीची लढाई झाली. सरहद्दीपलीकडे कॅम्प टाकून आत घुसायचं, हे आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना समजावून सांगावं लागणार नाही. निजामाच्या वेळी आपलीही माणसं हद्दीवरच्या कॅम्पांतच होती.

त्यांच्या राज्यघटनेत झेंड्याचा अर्थ दिलेला आहे. लाल म्हणजे लढा, हिरवा जमिनीची श्रीमंती, काळा आफ्रिका खंड, पिवळा जमिनीखालची खनिजं, पांढरा शांतता. पुस्तक शिक्षणाचं, कुदळ शेतकऱ्यांची, बंदूक संरक्षणाची. बंदूक असलेला जगातला हा एकमेव झेंडा.

नांपुला_रिटर्न (नांदेड)
गुरुजी, शेवटचं वाक्य तेवढं दुरुस्त करतो. ग्वाटेमालाच्या झेंड्यावरच्या चिन्हात पण रायफली आहेत, हैतीच्या चिन्हात तर तोफासुद्धा. फक्त त्या जुन्या काळातल्या. कलाश्निकोव, म्हणजे एके-४७, मात्र यांचीच.

मी उत्तर मोझांबिकमध्ये नांपुलाला तीन हंगाम तूर खरेदीला होतो. तिकडे तुरीला 'फेजांव बोएर' म्हणतात. ऑगस्ट-सप्टेंबरात माल निघतो, नाकाला बंदरातून थेट आपल्याकडे.

आताचा झेंडा १ मे १९८३ चा. स्वातंत्र्याच्या वेळचा वेगळा होता, कोपऱ्यातून तिरपे पट्टे फाकलेले. आताचे रंग आणि तिकोन फ्रेलिमो पक्षाच्या झेंड्यातूनच आलेत, आणि भांडण तिथंच आहे. स्वातंत्र्यानंतर दोन वर्षांत देशात यादवी लागली, ती १९९२ पर्यंत चालली. फ्रेलिमोविरुद्ध लढलेली रेनामो नंतर विरोधी पक्ष झाली. ज्याला त्या बंदुकांनी मारलं त्याला झेंड्यावर बंदूक कशी पटणार? २००५ मध्ये नव्या झेंड्यासाठी स्पर्धा घेतली, दीडशेच्या वर नमुने आले, पण झेंडा बदलला नाही. राष्ट्रगीत मात्र २००२ मध्येच बदलून टाकलं होतं.

राजचिन्हावर पण हीच बंदूक, हीच कुदळ, हेच पुस्तक. भोवती दातेरी चाक, एका अंगाला मक्याचं ताट, दुसऱ्या अंगाला ऊस. मक्याचं मला नवल वाटलं नाही, तिकडे रोजचं जेवणच मक्याच्या पिठाचं, घट्ट शिजवलेलं.

आणि त्या पुस्तकाचं एक सांगतो. फ्रेलिमोचे पहिले अध्यक्ष एदुआर्दो मोंदलान १९६९ मध्ये दार-ए-सलामला बॉम्बनं मारले गेले. पार्सल आलं होतं, पुस्तकाचं. पुस्तकातच बॉम्ब. हे कळल्यापासून मला झेंड्यावरच्या बंदुकीपेक्षा ते पुस्तकच जास्त टोचतं.

औसेकर_शेतकरी
झेंडा राहू द्या. तुमच्या त्या तुरीनं आमचा भाव बसतोय त्याचं काय? २०१६-१७ ला हमीभाव ५०५० होता, आमची तूर त्याच्या कितीतरी खाली गेली. अन् त्याच वर्षी मोझांबिककडनं दरसाल तूर घ्यायचा करार झालेला.

नांपुला_रिटर्न (नांदेड)
दादा, तुमचं बरोबरच आहे. फक्त पुढचं ऐका. ऑगस्ट २०१७ ला आपल्या सरकारनं आयातीवर मर्यादा घातली, तेव्हा तिथला माल निघायलाच लागला होता. भाव असा पडला की माणसं पोती घेऊन आली तशी परत गेली. त्यांना दुसरं गिऱ्हाईकच नाही.

औसेकर_शेतकरी
म्हंजे तिथं बी तेच. बरं, एक विचारतो. मी आत्ता तो झेंडा मोठा करून बघितला. मुनीमजी कुदळ म्हणायलेत, गुरुजी पण कुदळ म्हणायलेत. कुदळीला टोक असतंय. हे पातं रुंद दिसायलंय. हे खोरं हाय का?

नांपुला_रिटर्न (नांदेड)
बरोबर पकडलंत. त्याला तिकडे 'एंशादा' म्हणतात, कामाला आपल्या खोऱ्यासारखंच. पण घडण उलटी. आपल्या खोऱ्याला नेढं असतं, त्यात लाकडी दांडा ठोकतो. मी बघितली त्यांत दांड्याचं एक टोक गाठीसारखं जाड ठेवलेलं, त्याला भोक, आणि पात्याची शेपटी त्या भोकातून आरपार. लाकडात लोखंड. जितकं हाणाल तितकं घट्ट बसतं. दांडा आखूड, त्यामुळे कमरेत पार वाकावं लागतं. बायका पाठीला लेकरू बांधून दिवसभर त्यानंच शेत उकरतात. बैलजोडी मला त्या भागात क्वचितच दिसली.

औसेकर_शेतकरी
बैल न्हाई? मग तूर पेरतेत कशी?

नांपुला_रिटर्न (नांदेड)
टोकून. बऱ्याचदा मक्यातच.

तुरीचा_मुनीम (लातूर)
सगळ्यांचे आभार. उद्या सकाळी एक गाडी लागायलीय, तिथंच हमालांना सांगतो. कुदळ न्हाई, खोरं. बंदुकीचं गुरुजींनी सांगितलं तसं. पुस्तकातल्या बॉम्बचं सांगावं का नाही, बघतो. त्यातल्या एकाची पोरगी औंदा दहावीला हाय.