मदत हवी आहे: चिऱ्याच्या छोट्या घराला पडवी कशी जोडावी?

दापोली तालुक्यात दोन कुटुंबांसाठी प्रत्येकी २७० चौरस फुटांची घरं आखतोय. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात त्यांच्या जुन्या घरांचे पत्रे उडाले, तेव्हापासून डागडुजीवरच भागवलंय. जोतं शाबूत आहे. भिंती जांभ्या चिऱ्याच्या. स्लॅब नको: बजेटात बसत नाही आणि गाडी वाडीपर्यंत येत नाही, शेवटचा टप्पा डोक्यावरून वाहतूक.

ठरलंय ते असं. छप्पर चौपाखी (चारही बाजूंना उतार), कारण दोनच उतारांच्या दुपाखीच्या त्रिकोणी भिंतीवर वारा थेट आपटतो. दारं-खिडक्यांच्या वर आणि छपराखाली काँक्रीटचे सलग पट्टे, वरच्या पट्ट्यातच बोल्ट पुरून ठेवणार. चिऱ्यात भोक पाडून बोल्ट ठोकून पाहिला होता, हाताने हलवला तरी सैल झाला.

अडलंय पडवीपाशी. वादळाच्या दृष्टीने मुख्य छपराचा पत्रा दीड फुटापेक्षा जास्त बाहेर नको आणि पडवीचं छप्पर वेगळं हवं, म्हणजे ते उडालं तरी घर झाकलेलं राहतं. पण पडवीशिवाय कोकणातलं घर म्हणजे लाकडं, भात, चपला सगळं भिजलेलं. आणि छप्पर वेगळं केलं की पडवीच्या पत्र्याचा सांधा भिंतीवर येतो. शेजारी असंच केलंय, तिथे पहिल्याच पावसात ओल माजघरापर्यंत उतरली. सांध्यावर सिमेंटची गोलाई आणि डांबर दोन्ही लावून झालंय, चिऱ्यावर टिकत नाही.

चिऱ्याच्या भिंतीत खाच मारून पत्र्याची पट्टी बसवलेली कुणी पाहिली आहे का? खाच किती खोल, आणि आत काय भरलं?