बॅटमॅनच्या पुढच्या भागात व्हिलन कोण? पैज लावण्याआधी कुठली कॉमिक्स वाचू?

शेवचिवडा:
मंडळी, मॅट रीव्हजच्या 'द बॅटमॅन'चा (२०२२) दुसरा भाग १ ऑक्टोबर २०२७ ला येतोय. म्हणजे सध्याची तारीख ती आहे. आधी २०२५ होती, मग २०२६ झाली. आमच्या भावंडांच्या ग्रुपवर सकाळी एक व्हिलन पक्का होतो आणि रात्री बाद होतो. मावसबहीण मिस्टर फ्रीझवर ठाम आहे, दादा हार्वी डेंटवर अडून बसलाय. मी सिनेमे सगळे पाहिलेत, पण कॉमिक एकही वाचलेलं नाही, त्यामुळे भांडणात माझी डाळ शिजत नाही. तीन-चारच पुस्तकं सुचवा, सगळा इतिहास नको. आणि याच सिनेमातून निघालेली 'पेंग्विन' मालिका अजून बघायची आहे, तेवढं फोडू नका प्लीज.

रातपाळी:
अफवांच्या नादी लागू नका. पहिल्या सिनेमात रीव्हजने कुठल्या जागा रिकाम्या सोडल्यात ते बघा आणि त्या जागी काय बसतं ते वाचा.

एक जागा तर अक्षरशः रिकामी आहे. डिस्ट्रिक्ट ॲटर्नी गिल कोलसन गळ्यातल्या बॉम्बने उडाला, म्हणजे गॉथमला नवा सरकारी वकील लागणार. दादा उगाच अडून बसलेला नाही. म्हणून पहिलं पुस्तक 'द लाँग हॅलोविन'. जेफ लोब आणि टिम सेल, १९९६-९७, तेरा अंक. दर सणाला एक खून, बहुतेक माफिया डॉन फाल्कोनीच्या गोतावळ्यातला. पॉइंट टू-टू पिस्तूल, आवाज दाबायला नळीवर बाळाच्या दुधाच्या बाटलीचं रबरी बोंडूस, आणि प्रेताशेजारी त्या सणाची एखादी वस्तू. बॅटमॅन, पोलीस अधिकारी गॉर्डन आणि सरकारी वकील डेंट तिघं मिळून माफियाच्या मागे लागतात आणि त्यात डेंट कसा कसा सरकत जातो, ते वाचाच. प्रभाव लपवलेला नाही, रीव्हजने स्वतः या पुस्तकाचं नाव घेतलंय.

यात बॅटमॅन अर्कहॅममध्ये (वेड्या गुन्हेगारांचं इस्पितळ) जाऊन कोठडीतल्या कॅलेंडर मॅन या गुन्हेगाराला खुन्याबद्दल विचारतो. आता मार्च २०२२ मध्ये यूट्यूबवर टाकलेला 'द बॅटमॅन'मधला तो कापलेला सीन आठवा: काचेपलीकडे बॅरी किओघनचा जोकर त्या सिनेमातल्या व्हिलनची, रिडलरची फाइल चाळत बसलाय. साचा तोच. इतकं पचवलेला माणूस डेंटला सोडेल असं मला वाटत नाही. मात्र मुख्य व्हिलन डेंट नसणार. टू-फेस, म्हणजे अर्धा चेहरा विद्रूप झाल्यावरचा डेंट, १९९५ ला आणि २००८ ला येऊन गेला, आणि रीव्हजने २०२५ मध्ये सांगितलंय की हा व्हिलन सिनेमात याआधी खऱ्या अर्थाने आलेलाच नाही. डेंट आलाच तर धड चेहऱ्याचा येईल.

बर्फगोळा:
"खऱ्या अर्थाने" म्हणालात ना? मग १९९७ मध्ये श्वार्झनेगर निळा रंग फासून थंडीवरचे विनोद मारत फिरला, तो फ्रीझ धरायचा का? मी धरत नाही.

शेवचिवडा, तुम्ही वाचू नका, बघा. 'बॅटमॅन: द ॲनिमेटेड सिरीज'चा 'हार्ट ऑफ आइस' हा भाग, १९९२. अर्ध्या तासाच्या आत संपतो. १९५९ मध्ये हा प्राणी मिस्टर झीरो नावाचा बर्फाची बंदूक घेतलेला किरकोळ चोर होता. पॉल डिनीने त्याला आजारी बायको दिली, नोरा. तिला गोठवून ठेवलंय आणि मालकाने प्रयोगच बंद पाडलाय. त्या लेखनाला एमी मिळालं. शिवाय रिडलरने समुद्राची भिंत फोडून गॉथममध्ये पाणी घुसवलंय. आता फक्त हिवाळा येऊ द्या.

रातपाळी:
पाणी गोठवायला निसर्ग समर्थ आहे हो, त्यासाठी व्हिलन कशाला?

प्राजक्ता_ठाणे:
माझं मत 'कोर्ट ऑफ आउल्स'ला. स्कॉट स्नायडर आणि ग्रेग कपुलो, २०११ पासूनचे अंक. गॉथमची जुनी धनिक घराणी घुबडाचे मुखवटे घालून पिढ्यान् पिढ्या शहर चालवताहेत, आणि ब्रूसला (म्हणजे बॅटमॅनलाच) वाटतं की हे फक्त बडबडगीतातलं आहे. पहिल्या सिनेमात पोलीस, महापौर, वकील सगळे विकले गेलेले दाखवले. मग त्याच्या वर कोण, हा प्रश्न उरतोच की. आणि मोठ्या पडद्यावर हे लोक आलेले नाहीत, म्हणजे रीव्हजच्या अटीतही बसतात.

हे मात्र छापील घ्या. पाचव्या अंकात बॅटमॅन चक्रव्यूहात अडकतो आणि त्याची शुद्ध हरपत जाते तशी पानं आधी आडवी होतात, मग उलटी. हातातलं पुस्तक फिरवत फिरवत वाचावं लागतं आणि आपल्यालाच गरगरतं. मोबाइलवर वाचणार असाल तर ऑटो-रोटेट बंद ठेवा, नाहीतर फोन आणि तुम्ही एकमेकांशी झुंजत बसाल.

मधलीसुट्टी:
'हश' या कॉमिकचं नाव अजून कुणी कसं घेतलं नाही? रिडलरच्या व्हिडिओत तो शब्द मोठ्या अक्षरांत झळकतो, आणि ब्रूसचे वडील थॉमस वेन यांच्या प्रकरणात मारल्या गेलेल्या पत्रकाराचं आडनाव आहे एलियट. ज्यांनी वाचलंय ते समजून गेले असतील, ज्यांनी नाही त्यांच्यासाठी गप्प बसते.

पुस्तक म्हणून मात्र मी ते पैसे देऊन घ्यायला सांगणार नाही. २००२-०३ चं, जिम लीची चित्रं डोळ्यांचं पारणं फेडणारी, पण कथा म्हणजे दर अंकात एक नवा पाहुणा आणि मारामारी. कुणाकडून तरी उसनं आणा.

त्यापेक्षा 'बॅटमॅन: अर्थ वन'चा पहिला खंड घ्या (जेफ जॉन्स, गॅरी फ्रँक, २०१२). याची चर्चा कमी होते. त्यात ब्रूसची आई मार्था वेन ही माहेरची अर्कहॅम आहे आणि थॉमस महापौरपदासाठी उभा आहे. सिनेमातही दोन्ही गोष्टी तशाच आहेत. नेहमीच्या कॉमिक्समध्ये मार्था केन असते, म्हणजे हे सहज झालेलं नाही. पत्रकाराचा मुलगा वेन घराण्यावर सूड उगवायला येतो, असा माझा अंदाज.

रातपाळी:
मार्थाच्या माहेरचा मुद्दा बिनतोड. पण एलियटचा मुलगा आला तर तो पुन्हा वेनच्या पापांचाच हिशेब मागणार, आणि ते काम रिडलर करून गेला. तीन तासांच्या सिनेमात तेच दोनदा कोण दाखवेल?

मधलीसुट्टी:
रिडलरने घराण्याचा हिशेब मागितला, हा ब्रूसचा माणूस म्हणून मागेल. फरक आहे.

शेवचिवडा:
सगळ्यांचे आभार. 'लाँग हॅलोविन' आणि 'अर्थ वन' मागवली, 'आउल्स' पगार झाल्यावर. 'हार्ट ऑफ आइस' आत्ताच पाहिला. पंचाईत अशी झाली की आता मीच फ्रीझच्या बाजूला झुकलोय आणि मावसबहिणीला हे सांगायची हिंमत नाही.

बर्फगोळा:
त्यांचा आयडी असेल तर इकडे पाठवा. आमच्या पक्षाला माणसं कमी पडताहेत.

प्राजक्ता_ठाणे:
'लाँग हॅलोविन' उघडण्याआधी 'पेंग्विन' संपवा, आठच भाग आहेत. सोफिया फाल्कोनी दोन्हीकडे आहे आणि मालिकेतली सोफिया आधी भेटलेली बरी. याहून जास्त बोलत नाही.